संगीतातून खेळाची रचना : तारपा व ढोलकी यांच्या संदर्भात

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली इत्यादी जमातींची वस्ती आहे. वारल्यांच्या तारपानाचात वादक मध्यभागी असतो आणि कमरेभोवती हात गुंफलेल्या नर्तकांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वादकाने स्वर पालटला की साखळीचा म्होरक्या दिशा पालटतो. नाचाची वाट आधी आखलेली नसते. ती वाद्यातून निघते.

नेमक्या याच तत्त्वावर काही व्हिडिओ खेळ रचलेले आहेत. १९९९ साली जपानात निघालेल्या 'व्हिब-रिबन'ची आज्ञावली यंत्राच्या स्मृतीत एकदा उतरली, की खेळाडूने आपल्या गाण्यांची तबकडी आत घालावयाची. ठोकळा, फेरा, लाट व खड्डा हे चार अडथळे त्या गाण्याबरहुकूम मांडले जात. २००८ च्या 'ऑडिओसर्फ'मध्ये शांत संगीताची चढण होते व जोरकस संगीताचा उतार.

यंत्र हे ठरविते कसे? तबकडीवर ध्वनीची सेकंदास ४४,१०० मापे असतात. त्यांतील १,०२४ मापांचा, म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंदाचा, एकेक तुकडा घेऊन त्याची ऊर्जा काढतात व ती आसपासच्या सेकंदभराच्या सरासरीशी ताडून पाहतात. ऊर्जा एकाएकी उसळली, तर तेथे ठोका मानला जातो. सर्वांत साधी रीत ती हीच. ढोलकीस ती चांगली लागू पडते. तारप्याची गोष्ट निराळी. भोपळा, छिद्रे पाडलेल्या बांबूच्या नळ्या व ताडपानांचा कर्णा यांनी सिद्ध झालेले हे वाद्य वादक श्वास न तोडता फुंकीत राहतो. स्वर पालटला तरी ऊर्जा उसळण्याचे कारण नसते. ज्या क्षणी सारी साखळी वळते, तोच क्षण या गणितास ऐकू येत नाही. आपल्या पाड्यावरचा तारपा खेळात घालणाऱ्या मुलाच्या वाट्यास सपाट रस्ता येण्याचा संभव अधिक.

यावर तोड आहे. ऊर्जेऐवजी प्रत्येक तुकड्यातील कंपनसंख्यांची वाटणी काढावी, आणि तिचे इतर सर्व तुकड्यांशी असलेले साम्य जेथे तुटते तेथे वळण मानावे. मात्र तुकड्यांची वाटणी बारा स्वरांच्या ठरीव चौकटीत बसविण्याचा मोह टाळावा. तारप्याची छिद्रे हार्मोनियमच्या पट्ट्यांना बांधील नाहीत.

आणखी एक अडचण उरते. नाच चालू असताना केलेल्या ध्वनिमुद्रणात पावलांचा व म्होरक्याच्या घुंगुरकाठीचा आवाजही उतरतो. ऊर्जेचे गणित ठोका म्हणून धरील तो हाच; म्हणजे खेळातील रस्ता तारपेवाल्याचा नव्हे, त्याच्यामागे चालणाऱ्यांचा असेल.