मुलाचे पोट दुखू लागल्यास

पाटोदा, आष्टी या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील वस्त्यांवर दवाखाना दूर व शिक्षक जवळ, अशी स्थिती असते. ऊसतोडीच्या हंगामात अनेक मुलांचे आईबापही गावी नसतात. मूल पोट धरून बसले की पहिला निर्णय गुरुजींनाच घ्यावा लागतो.

बहुतेक पोटदुखी अपचनाची वा बद्धकोष्ठाची असते व आपोआप शमते. परंतु वेदना बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी पोटाच्या खालच्या उजव्या बाजूस स्थिरावली, मुलास अन्न नकोसे झाले, ओकारी वा ताप आला, तर आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह संभवतो. मुलास एका पायावर उडी मारावयास सांगावे; वेदनेमुळे ते कचरू लागले, तर क्षणाचाही विलंब करू नये. पोट लाकडासारखे कडक लागल्यास उडीचीही वाट पाहू नये. अशा वेळी एरंडेल पाजण्याची जुनी रीत घातक होय. रेचकाने सुजलेले आंत्रपुच्छ फुटू शकते. पोट चोळू वा शेकू नये, खावयास काही देऊ नये.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. शस्त्रक्रियेची सोय बीडच्या जिल्हा रुग्णालयात व अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. दुखणे किती वाजता सुरू झाले, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे; आजीस ती वेळ सांगता येईलच असे नाही.