छावणीतले घर आणि दारावरचा फलक

घराच्या दारावर काय लावावे, खिडकीत कोणते चित्र टांगावे, कुंपणाला कसला फलक बांधावा, हे घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या कुटुंबाचे बिऱ्हाड लष्करी वसाहतीत आहे, त्याच्यापुरती ही समजूत अपुरी ठरते. त्या घरात पती किंवा पत्नी गणवेषात असते आणि बाकीची माणसे तुमच्याआमच्यासारखी साधी नागरिक असतात. स्वयंपाकघर एक, अंगण एक, दरवाजाही एकच. मात्र त्या दरवाजाआड राहणाऱ्या माणसांचे अधिकार सारखे नसतात. अशा घराच्या दारावर निवडणुकीतील उमेदवाराच्या नावाचा फलक लावता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि त्याचा विचार करू लागल्यास लोकशाहीत सैन्याचे स्थान कोणते आणि सैनिकाच्या कुटुंबाचे स्थान कोणते, या दोन मोठ्या प्रश्नांपर्यंत आपण येऊन पोहोचतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा बराच ऊहापोह झालेला आहे. तेथील संरक्षण खात्याने 19 फेब्रुवारी 2008 रोजी काढलेल्या निर्देशात सैनिकाने राजकारणात कोठवर जावे याची मर्यादा आखून दिली. सैनिकाने मतदान करावे, आपले मत खाजगी नात्याने बोलून दाखवावे, वृत्तपत्राच्या संपादकाला स्वतःच्या नावाने पत्र लिहावे, गणवेष न घालता सभेला श्रोता म्हणून जावे, स्वतःच्या मोटारीवर उमेदवाराच्या नावाची लहानशी चिठ्ठी चिकटवावी, या साऱ्यास त्यात मुभा आहे. परंतु पक्षाच्या सभेत भाषण करणे, पक्षाच्या मिरवणुकीत चालणे, मोटारीवर मोठा फलक लावणे यांस मनाई आहे. लष्करी तळावरील राहत्या घरी, रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने पक्षाचा फलक किंवा पताका लावणे हेही निषिद्ध मानले आहे. ती घरे खाजगी कंपनीच्या ताब्यातील असली तरी हा नियम लागू पडतो, असे निर्देशात मुद्दाम नमूद केले आहे.

हा निर्देश सैनिकाला उद्देशून आहे. त्याच्या पत्नीला उद्देशून नाही. ती सभेत बोलू शकते, मिरवणुकीत चालू शकते, उमेदवारासाठी दारोदार हिंडू शकते. मात्र आपल्याच घराच्या पुढील अंगणात तिला फलक रोवता येत नाही, कारण ते अंगण तिच्या सैनिक पतीचेही आहे आणि ते तळाच्या हद्दीत आहे. हेच कुटुंब फाटकाबाहेर भाड्याच्या घरात राहत असते, तर तिचा फलक कोणी हटकला नसता.

असा कडक नियम कशासाठी? सरकारे निवडणुकीने बदलतात. सैन्य मात्र तेच राहते. आज ज्या पक्षाच्या हाती सत्ता आहे त्याची आज्ञा ते पाळते आणि उद्या दुसरा पक्ष आला तर त्याचीही पाळते. सैन्य आपल्या बाजूचे किंवा आपल्या विरुद्ध आहे अशी शंका एखाद्या पक्षाला आली, तर त्या विश्वासाला तडा जातो. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. लष्करी वसाहतीत शेजारी हा नुसता शेजारी नसतो. पुष्कळदा तो वरिष्ठही असतो. वरिष्ठाच्या दारावर एका उमेदवाराचा फलक आणि समोरच कनिष्ठाच्या दारावर दुसऱ्याचा, असे झाले तर बढतीची वाट पाहणाऱ्या कनिष्ठाच्या घरात त्या संध्याकाळी कोणते बोलणे होईल, हे सांगावयास नको. फलक लावू नये हा नियम अशा वेळी कनिष्ठाच्या कुटुंबाचे रक्षणही करतो.

या बाबतीत तेथील सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या खटल्यातील वादी म्हणजे बालसंगोपनावरील ज्यांचा ग्रंथ 1946 साली प्रसिद्ध होऊन घरोघरी पोहोचला, ते डॉक्टर बेंजामिन स्पॉक. 1972 साली ते एका लहान पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. न्यू जर्सी राज्यातील फोर्ट डिक्स या तळावर जाऊन पत्रके वाटण्याची आणि सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्याशी निवडणुकीतील प्रश्नांवर बोलण्याची त्यांनी परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. तळावरील रस्ते बाहेरच्या लोकांना खुले होते, तेव्हा ते सार्वजनिक रस्त्यांसारखेच मानावेत, असा वादींचा युक्तिवाद होता. 24 मार्च 1976 रोजी न्यायालयाने बहुमताने तो अमान्य केला. सैनिक घडविणे हे तळाचे काम आहे, राजकीय चर्चेसाठी चव्हाटा पुरविणे हे नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. केवळ मजकूर आवडला नाही म्हणून पत्रक अडविण्याचा अधिकार नियमाने सेनाधिकाऱ्याला दिलेला नाही, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले होते. दोन न्यायमूर्तींनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले.

दुसरा खटला लष्करी हद्दीबाहेरचा. मिसूरी राज्यातील लेड्यू या गावी मार्गारेट गिलियो यांनी डिसेंबर 1990 मध्ये आपल्या अंगणात आखाती युद्धाला विरोध करणारा 24 इंच रुंद व 36 इंच लांब असा फलक लावला. नगराच्या नियमांत तो बसत नव्हता. पुढे त्यांनी शांततेचे आवाहन करणारा साध्या कागदाएवढा फलक वरच्या मजल्याच्या खिडकीत लावला. नगराने नवा नियम केला, तरी त्यातही तो बसेना. 13 जून 1994 रोजी न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. स्वतःच्या घरावर लावलेला फलक हा कमी खर्चाचा आणि बोलणारा कोण हे आपोआप सांगणारा असतो, म्हणून त्याचे मोल वेगळे आहे, असे न्यायालयाने मानले.

या दोन निर्णयांत विसंगती नाही. घरावरच्या फलकामुळे बोलणाऱ्याची ओळख पटते, हेच गिलियोबाईंच्या बाजूने पडले. आणि तेच सैनिकाच्या घराविरुद्ध जाते. रस्त्याने जाणाऱ्याला लष्करी घरावरील फलक एका गृहिणीचा वाटत नाही, तो सैन्याचा वाटतो.

लष्करी कुटुंबाने खिडकी कोरीच ठेवावी असे मात्र कोणी म्हणत नाही. 1917 साली ओहायो राज्यातील रॉबर्ट क्वेसर या माजी सेनाधिकाऱ्याने, आपले दोन मुलगे युद्धावर आहेत हे दर्शविण्यासाठी, तांबड्या किनारीच्या पांढऱ्या पटावर निळे तारे असलेली एक पताका तयार केली. जितकी माणसे युद्धसेवेत तितके तारे. एखादे कामी आले तर निळ्याच्या जागी सोनेरी तारा. ही पताका घराच्या खिडकीत लावण्याचा निकटच्या कुटुंबीयांचा हक्क पुढे कायद्यानेही मान्य केला. हे दर्शन कोणत्याही पक्षाचे नाही. ते त्या घराच्या काळजीचे आणि अभिमानाचे आहे.

येथपर्यंत नियमाची बाजू पटण्यासारखी आहे. धोका पुढे आहे. फलकाविषयीची ही शिस्त हळूहळू घरातल्या माणसांच्या तोंडावर जाऊन बसते, आणि ‘आपण लष्करातली माणसे, आपण बोलू नये’ अशी सवय जडते. अमेरिकेत याचा अनुभव आला. 1996 च्या कायद्यान्वये तेथील लष्करी कुटुंबांच्या घरांचे व्यवस्थापन दीर्घ मुदतीच्या करारांनी खाजगी कंपन्यांकडे सोपविले जाऊ लागले. भिंतींना ओल, ओलीवर बुरशी, जुन्या रंगातले शिसे आणि त्याने आजारी पडणारी मुले, अशा कहाण्या 2018 साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. फेब्रुवारी 2019 मध्ये सैनिकांच्या पत्नींनी सिनेटच्या समितीपुढे प्रत्यक्ष जाऊन साक्षी दिल्या. तक्रार केली तर पतीच्या नोकरीवर परिणाम होईल, ही भीती अनेक घरांत होती. त्या वर्षअखेरीस झालेल्या कायद्याने या भाडेकरूंचे हक्क लिहून काढले. सूडाची भीती न बाळगता तक्रार करण्याचा हक्क आणि घराच्या पूर्वीच्या दुरुस्त्यांची माहिती मिळण्याचा हक्क त्यांत आहेत. घर घेताना वा सोडताना भाडेकरूकडून मौनाचा करार लिहून घेण्यासही कायद्याने मनाई केली.

उमेदवाराचा फलक आणि ओल्या भिंतीची तक्रार या दोन गोष्टींची जात एक नाही. पहिलीत सैन्याचे नाव एका पक्षाला चिकटण्याचा संभव असतो, म्हणून तेथे संयम रास्त. दुसरीत आई आपल्या मुलाच्या छातीतल्या घरघरीविषयी बोलत असते; तेथे सैन्याच्या निःपक्षपाताला कसलीही बाधा येत नाही. पहिलीसाठी केलेला नियम दुसरीवर लादला गेला, तर तो शिस्तीचा नियम उरत नाही, सोयीचा होतो.

आपल्याकडील कायद्याची चौकटही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यानुसार 1950 च्या सेना अधिनियमाचे 21 वे कलम राजकीय सभा, निदर्शने आणि वृत्तपत्रांशी पत्रव्यवहार यांवर निर्बंध घालू देते. पण हे निर्बंध त्या अधिनियमाखाली येणाऱ्या व्यक्तींवर आहेत. पुणे, देवळाली, अंबाला किंवा सिकंदराबाद येथील छावणीत राहणारी सैनिकाची पत्नी केवळ लग्नामुळे त्या अधिनियमाखाली येत नाही. सैनिकाबरोबर राहणाऱ्या जोडीदाराची नोंद सेवा-मतदार म्हणून होते; पूर्वी ही सोय केवळ पत्नीला होती, 2021 च्या दुरुस्तीने ती पतीलाही मिळाली. राष्ट्रध्वजाबाबत तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2004 रोजी असा निर्णय दिला की, तो सन्मानपूर्वक फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे.

छावणीत राहणाऱ्या कुटुंबाने दारावर काही लावण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे पाहणाऱ्याला माझा आवाज वाटेल, की सैन्याचा? सैन्याचा वाटणार असेल तर हात आवरावा, वसाहतीचे नियम विचारून घ्यावेत, आणि आपले मत मतपेटीत टाकावे. परंतु नळाला पाणी नसेल, छप्पर गळत असेल, मुलांच्या शाळेचा प्रश्न असेल, तर पत्नीने आपल्या नावाने अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. असा अर्ज केल्याने पतीच्या गणवेषाला कमीपणा येत नाही. आणि तो अर्ज ज्याच्या हाती पडेल, त्या अधिकाऱ्यानेही तो एका नागरिकाचा अर्ज म्हणूनच वाचावा.