पाच वर्षांनंतरही फाईल जपायला हवी
अंडाशयाचा एक दुर्मीळ कर्करोग वीस-तीस वर्षांनीही परततो. तोपर्यंत उपचारांचे कागद कुठे असतात?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरात भांडीकुंडीच नव्हे, तर कपाटातले कागदही जातात. याच शहरात लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. भाड्याची खोली बदलते, कारखाना बदलतो, कधी गावी परतावे लागते. अशा घरातील एखाद्या स्त्रीची अंडाशयातील गाठ पूर्वी काढलेली असेल, तर हरवलेल्या कागदाची किंमत तिला वीस वर्षांनंतरही मोजावी लागू शकते.

ही शक्यता ज्या आजारात विशेषत्वाने संभवते, त्याचे नाव ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. अंडाशयाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के. स्त्रीबीजाभोवती असलेल्या आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक निर्माण करणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो. ही गाठही बहुधा इस्ट्रोजेन निर्माण करते. परिणामी पाळी अनियमित होते, अतिरक्तस्राव होतो किंवा रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त जाऊ लागते. या लक्षणांमुळे अनेक स्त्रिया वेळीच डॉक्टरांकडे पोहोचतात आणि बहुतेकींचा आजार पहिल्या टप्प्यातच सापडतो. प्रौढ वयातील या गाठींपैकी बहुसंख्य गाठींत ‘फॉक्सएल-२’ या जनुकात एकच ठरावीक बदल आढळतो, हे कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. निदान संदिग्ध असेल तेव्हा ही तपासणी उपयोगी पडते.

पहिल्या टप्प्यात गाठ पूर्णपणे काढली गेली, तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते. अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगाशी तुलना करता हे चित्र फारच आश्वासक आहे. मात्र याच आश्वासनात एक फसगत दडलेली आहे. पाच वर्षे उलटली म्हणजे धोका टळला, हा अन्य अनेक कर्करोगांतील आडाखा येथे लागू पडत नाही. साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत हा आजार पुढे केव्हातरी परततो. परतण्याचा सर्वसाधारण काळ चार ते सहा वर्षांचा असला, तरी दहा, वीस, क्वचित तीस वर्षांनंतरही तो परतल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मागे राहिलेल्या पेशी अतिशय संथपणे वाढतात, हे त्याचे कारण.

कोणाला धोका अधिक, याचे सर्वांत महत्त्वाचे गमक म्हणजे निदानाच्या वेळचा टप्पा. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा शस्त्रक्रियेदरम्यान गाठ फुटली असेल अथवा तिचा अंश मागे राहिला असेल, तरीही धोका वाढतो. पुनरुद्भव बहुधा ओटीपोटात किंवा पोटाच्या पोकळीत होतो. तो मर्यादित असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते; गरजेनुसार केमोथेरपी किंवा संप्रेरकरोधक औषधे दिली जातात. आजार परतल्यानंतरही अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे जगतात. म्हणूनच तो लवकर लक्षात येणे मोलाचे ठरते. त्यासाठी शारीरिक तपासणी, गरजेनुसार सोनोग्राफी वा सीटी स्कॅन आणि रक्तातील ‘इनहिबिन बी’चे प्रमाण यांचा आधार घेतला जातो. लक्षणे दिसण्याच्या काही महिने आधीच हे प्रमाण वाढू शकते.

आता प्रश्न कागदांचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करायच्या असतात. म्हणजे आजाराची स्मृती तीस वर्षांची आणि दप्तराची तीन! मात्र रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असेही हेच नियम सांगतात. या अधिकाराचा उपयोग उपचार संपताच करून घ्यावा.

डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. शस्त्रक्रियेचा तपशील (गाठ फुटली होती का, काय काढले, काय ठेवले), पॅथॉलॉजीचा अहवाल, आजाराचा टप्पा आणि इनहिबिनचे पहिले आकडे एवढे हाती हवे. प्रयोगशाळेतील काचपट्ट्या व मेणात जतन केलेला नमुना मिळू शकेल का, हेही विचारावे. या कागदांची छायाचित्रे घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावीत. ‘आभा’ खात्याशी नोंदी जोडता येत असतील तर उत्तमच.

गोव्यातील घरांना हे दूरचे वाटू नये. आपल्याकडेही एक तपासणी बांबोळीला, दुसरी बेळगावला, पुढचा उपचार मुंबईला असा प्रवास होतो. मुले पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झाली की आईवडिलांचाही पत्ता बदलतो. नव्या डॉक्टरांना ‘पूर्वी गाठ काढली होती’ एवढेच सांगितले जाते. गाठ कसली होती, हे त्या वाक्यातून कळत नाही. आपल्या घरात आई, काकी, मावशी यांपैकी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो अहवाल आज शोधावा. सापडला नाही, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत विचारणा करावी, आणि पाळीच्या तक्रारी वा पोटातील फुगवटा जाणवल्यास जुना आजार डॉक्टरांना आवर्जून सांगावा.