मॉडिफाय केलेल्या स्पोर्ट्स कारची विक्री : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातील जुन्या गाड्यांच्या बाजारात स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएससारख्या वेगवान गाड्यांचे स्थान वेगळे आहे. यांपैकी ‘व्हीआरएस २४५’ या आवृत्तीच्या तर २०२० साली देशात अवघ्या २०० गाड्या विक्रीस आल्या होत्या. अशा गाड्यांचे मालक त्यांची निगा मनापासून राखतात आणि अनेकदा इंजिन, सस्पेन्शन, चाके किंवा एक्झॉस्ट यांत बदलही करून घेतात. या बदलांनाच बाजारात ‘मॉडिफिकेशन’ म्हटले जाते. विक्रीच्या वेळी मात्र काही रूढ समजुती विक्रेत्याचे नुकसान करतात, म्हणून त्या तपासून घेणे आवश्यक ठरते.

गैरसमज १ : बदलांवर झालेला खर्च विक्रीच्या किमतीत वसूल होतो.

वस्तुस्थिती : खरेदीदार त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली, मूळ स्थितीतील गाडी बाजारात कितीला मिळते हे आधी पाहतो आणि बँक किंवा विमा कंपनीचे मूल्यांकनही मूळ मॉडेलवरच बेतलेले असते, त्यामुळे एका मालकाच्या आवडीनिवडीनुसार बसवलेल्या सुट्या भागांचे पूर्ण मोल दुसरा मालक सहसा देत नाही. काढून ठेवलेले मूळ भाग गाडीसोबत देता आले, तर मात्र गिऱ्हाइकांची संख्या वाढते. किमतीला खरा आधार देखभालीच्या नोंदींचा असतो. उदाहरणार्थ, तेलात बुडालेल्या दोन क्लचवर चालणाऱ्या सहागती डीएसजी गिअरबॉक्सचे तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते आणि ते वेळेवर बदलल्याचे बिल जाणकार खरेदीदाराला नव्या एक्झॉस्टपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

गैरसमज २ : ‘रीमॅप’ काढून मूळ सॉफ्टवेअर टाकले की कोणतीही खूण उरत नाही.

वस्तुस्थिती : इंधनाचे प्रमाण, प्रज्वलनाची वेळ आणि टर्बोचा दाब ठरवणाऱ्या संगणकाला ईसीयू म्हणतात, तर त्यातील आज्ञावली बदलून इंजिनाची शक्ती वाढवण्याला रीमॅप म्हणतात. अनेक ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले याची मोजणी साठवलेली असते आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत असा बदल आढळल्यास कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ ही खूण लागू शकते. शिवाय विक्रीपूर्वी दोषसंकेत पुसून टाकले, तर उत्सर्जन-यंत्रणेच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला साधा स्कॅनर जोडला, तरी संकेत अलीकडेच पुसल्याची शंका खरेदीदाराला येते. म्हणून रीमॅप कोणी, केव्हा आणि कोणत्या टप्प्याचा केला हे आधीच सांगणे विक्रेत्याच्याच हिताचे असते.

गैरसमज ३ : ओडोमीटरला हात लावलेला नसेल, तर त्याचा आकडा बरोबरच असतो.

वस्तुस्थिती : ओडोमीटर चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो. २२५/४० आर१८ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर, तर २३५/४५ आर१८ मापाच्या टायरचा सुमारे ६६९ मिलिमीटर भरतो; म्हणजेच मोठा टायर प्रत्येक फेरीत जवळपास ५ टक्के अधिक अंतर कापतो आणि तेवढे अंतर नोंदीतून निसटते. टायरचे माप केव्हा बदलले, याची नोंद विक्रेत्याने द्यायला हवी.

गैरसमज ४ : गाडी आपल्या मालकीची असल्याने तिच्यात हवा तो बदल करता येतो.

वस्तुस्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. रंगासारखे बदल आरसीमध्ये, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, नोंदवून घेता येतात. इंजिन त्याच बनावटीचे बसवायचे असले, तरी आरटीओची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नियमबाह्य भाग विक्रीपूर्वी उतरवून मूळ भाग बसवणे हाच येथे सुरक्षित मार्ग आहे.

गैरसमज ५ : पैसे मिळाले, किल्ली दिली आणि फॉर्मवर सही केली की जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असा निर्णय दिला, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघात-भरपाईच्या दृष्टीने मालक ठरतो. त्यामुळे मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरून देऊन विक्रेत्याने थांबू नये. राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्यावी आणि आरसीवर नवे नाव चढेपर्यंत पाठपुरावा करावा. विम्याचेही तसेच आहे : तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीसोबत जाते, मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाच्या नावे करून घ्यावे लागते. कमाल ५० टक्क्यांपर्यंत मिळणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, विक्रेत्याची असते आणि विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन त्याला ती तीन वर्षांच्या आत पुढील गाडीसाठी वापरता येते.

गैरसमज ६ : जुनी गाडी विकताना १८ टक्के जीएसटी भरावा लागतो.

वस्तुस्थिती : जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील बैठकीतील हा दर जीएसटी-नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी असून तोही संपूर्ण किमतीवर नव्हे, तर नफ्याच्या फरकावर आकारला जातो; स्वतःची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकणाऱ्या सामान्य मालकाला तो लागू होत नाही.

मॉडिफाय केलेली गाडी विकली जात नाही, ही समजूत चुकीचीच आहे. विकली जात नाही ती लपवाछपवी असलेली गाडी. विक्रेत्यांनी बदलांची तारीखवार यादी, सर्व बिले, मूळ भाग आणि अद्ययावत आरसी पहिल्याच भेटीत खरेदीदारासमोर ठेवावी, कारण रास्त किंमत आणि विक्रीनंतरची निश्चिंती या दोन्ही गोष्टी त्याच कागदांतून मिळतात.