जुन्या ट्रकला ‘करंट’ का येत नाही?
नाशिकवरून मुंबई-आग्रा महामार्गाने धावणारे बहुतेक ट्रक डिझेलचे. डिझेल दाबून तापलेल्या हवेत पेटते, ठिणगी लागतच नाही. ‘करंट येत नाही’ ही तक्रार जुन्या पेट्रोल गाड्यांची. तेव्हा आधी कॉईलच बदलली जाते, अनेकदा विनाकारण.

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली मधली वायर काढून तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर धरावे (पक्कड इन्सुलेटेडच हवी, हजारो व्होल्ट असतात) आणि स्टार्टर मारावा. ठिणगी उडाली तर कॉईल ठीक. दोष कॅप, रोटर किंवा पुढच्या वायरींत. पावसाळ्यात कॅपमधली ओल पुसूनही गाडी सुरू होते.

नाही उडाली, तर टेस्ट लॅम्पने कॉईलपर्यंत १२ व्होल्टचा पुरवठा पोहोचतो का पाहावे. पोहोचत असेल तर पॉइंट उघडून बघावेत; काळवंडले असतील तर घासावेत. घासूनही पुन्हापुन्हा जळत असतील, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो.