घड्याळ विकायचे? आधी त्याची ओळख करून घ्या!

जुने मनगटी घड्याळ विकायचे ठरले की माणूस पहिली धाव घेतो ती पॉलिशवाल्याकडे. लग्नघराला रंग काढावा तसे घड्याळ चकचकीत होते, नवी काच आणि नवा पट्टा चढतो, आणि मग गिऱ्हाइकाचा शोध सुरू होतो. गेली पंचवीस वर्षे मला जुन्या घड्याळांचा नाद आहे. त्या अनुभवावरून हात जोडून सांगतो, मंडळी, असे करू नका! जुन्या घड्याळाची किंमत चकाकीत नसते. कारखान्यातून निघाले त्यातले किती शिल्लक आहे, यात असते.

नावापुढचे नाव

आपल्याकडच्या कपाटांत बहुधा तीन नावे सापडतात: वेस्ट एंड, फेवर-ल्यूबा आणि एच. एम. टी. परंतु कंपनीच्या नावापेक्षा त्याखालचे नाव महत्त्वाचे. एच. एम. टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारने तो धंदा बंद करण्याचे ठरवले. म्हणून काही घरोघरची 'जनता' लगेच दुर्मिळ झाली नाही. फेवर-ल्यूबाचे 'सी चीफ' आणि 'सी किंग' आपल्याकडे पुष्कळ. याच कंपनीचे १९६२ सालचे 'बिवॅक' मात्र क्वचित हाती लागते.

या 'बिवॅक'चीच एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे यजमान डोंगर चढण्याचे शौकीन होते. ते गेल्यावर मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी वहिनींनी त्यांचे घड्याळ बाजारात नेले. दुकानदार म्हणाला, "केस स्टीलची, त्यात हा एक काटा हलत नाही. मशीन बिघडलंय." आणि त्याने भंगाराचा भाव सांगितला. वहिनी परत आल्या, म्हणून बरे! तो काटा वेळेचा नव्हताच. तो हवेच्या दाबावर चालतो आणि डोंगराची उंची सांगतो. एका जागी बसलेल्या माणसापुढे तो कशाला हलेल? डायल मूळचा होता, केसला पॉलिश लागले नव्हते. एका संग्राहकाने ते घेतले आणि मुलीची त्या वर्षाची फी भागली.

पाठीवरची अक्षरे

घड्याळ पालथे करा आणि भिंगातून वाचा. 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिले असेल तर फक्त पाठ स्टीलची. बाकीची केस बहुधा मुलामा दिलेली. '२० मायक्रॉन' म्हणजे सोन्याचा थर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. '१८ के' किंवा '०.७५०' असेल तर शंभरात पंच्याहत्तर भाग सोने; पण हा शिक्का सराफाकडून तपासून घ्यावा. '१७ ज्वेल्स' वाचून हुरळू नका. ती माणके कारखान्यात बनवलेली असतात. चाकांच्या आसांची झीज कमी व्हावी म्हणून ती बसवतात. सराफाच्या लेखी त्यांना मोल नाही.

नंतर घड्याळजीकडून आपल्या डोळ्यांदेखत झाकण उघडून घ्या. मशीनवरचे नाव आणि डायलवरचे नाव जुळते का, ते पाहा. मशीनवर किंवा केसवर नंबर असल्यास टिपून ठेवा. ओमेगासारख्या कंपन्यांच्या घड्याळांचे साल अशा नंबरांवरून बरेचसे कळते.

रंगवलेला डायल

फिका पडलेला डायल नव्याने रंगवून देण्याची कला मुंबईत इतकी वाढली की परदेशी संग्राहक अशा घड्याळांना थट्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ओळखायचे कसे? अक्षरे जाड किंवा पसरट असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या आकड्याखालचे 'स्विस मेड' वाकडे असते किंवा नसतेच. मूळचा डागाळलेला डायल अशा नव्या डायलपेक्षा पुष्कळदा जास्त पैसे आणतो.

एक इशारा. अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर १९६० च्या दशकापर्यंत रेडियम लावत. चमक गेली तरी रेडियम जात नाही. ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. तो रंग कधीही खरवडू नका.

भाव कोणता धरावा?

जाहिरातीत कोणी काय मागतो, याला अर्थ नाही. मागायला पैसे पडत नाहीत! तसेच मॉडेल, तशीच अवस्था असलेले घड्याळ प्रत्यक्षात कितीला विकले गेले, ते लिलावांच्या निकालांत पाहा. त्यातून लिलावाचे कमिशन वजा करा. व्यापारी याहून कमीच देणार, कारण दुरुस्ती आणि नफा त्याला त्यातूनच काढायचा असतो.

पावती, डबी, जुना फोटो यांनाही किंमत आहे. नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे पावणेदोन कोटी डॉलरांना गेले, ते कोणाच्या मनगटावर होते हे सिद्ध करता आले म्हणून. आपले वडील नट नसतील. पण दुकानाचा शिक्का असलेली पावती घड्याळ अस्सल असल्याची साक्ष देते.

एवढे केल्यावर विकायचे की ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र गिऱ्हाईक भाव बोलण्यापूर्वी तो आपल्याला ठाऊक असावा.