पिकअपवरील टप : ठेवावा की उतरवावा?

स्मरणिकेसाठी व्यापारी बांधवांच्या उपयोगाचे काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा बाजारपेठ, करपद्धती, हमीभाव इत्यादी मोठ्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत, हे ध्यानी घेऊन आम्ही एका लहानशा प्रश्नाकडे वळलो. प्रश्न लहान खरा. परंतु त्याने आमच्या घरात दोन वर्षे वाद चालविला, आणि त्याचा निकाल ज्या रीतीने लागला ती रीत आम्हांस अद्यापि विसरता येत नाही. पेढीच्या पिकअप गाडीवर बसविलेला लोखंडी टप ठेवावा की उतरवावा, हा तो प्रश्न होय.

टप ही वस्तू आपल्या भागाला नवी नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बैलगाडीला बंडी म्हणतात. मराठी माणूसही म्हणतो आणि तेलुगू माणूसही. 1956 साली किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, परंतु हा शब्द काही सीमेवर थांबला नाही. माणसे न्यावयाची झाली की बंडीवर टप चढे, आणि कापूस न्यावयाचा झाला की टप उतरून तट्टे लागत. केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेला पुष्य अमावास्येच्या सुमारास जमणारी मेश्राम कुळातील मंडळी आजही बैलबंड्या घेऊन येतात. सांगावयाचे एवढेच की, टप आणि तट्टे ही एकाच गाडीची दोन रूपे होती आणि कामाप्रमाणे बदलत होती. आम्ही मात्र टपाला नटबोल्टांनी जखडून टाकले, आणि तेथूनच आमची अडचण सुरू झाली.

आमचा व्यवसाय किराण्याचा, जोडीला थोडी अडत. 2021 साली आम्ही पिकअप घेतली. पहिल्याच पावसाळ्यात साखरेची काही पोती भिजली, आणि एके रात्री उटनूरच्या मुक्कामी ताडपत्री कापून कोणी तेलाचे डबे लांबविले. धाकट्या बंधूंनी लगेच निर्णय घेतला. बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून पत्र्याचा बंद टप करवून घेतला, मागे दुहेरी दार, दाराला कुलूप. 2022 च्या मृगापूर्वी तो गाडीवर चढला. धाकट्या बंधूंच्या बाजूने सांगावयाचे तर, त्या दिवसापासून एकही डबा चोरीस गेला नाही आणि साखरेचे एकही पोते भिजले नाही. कुलपाचा लाभ ताडपत्रीस कधीही येणार नाही, हे आम्ही मान्य करतो. औषधे, कापड, शालेय साहित्य असा माल वाहणाऱ्या सभासदांनी पुढील मजकूर याच दृष्टीने वाचावा. त्यांच्यासाठी बंद टप हीच योग्य गोष्ट आहे.

परंतु आमचा माल तसा नव्हता. पहिली गोष्ट वजनाची. गाडीचे एकूण वजन किती असावे याची मर्यादा नोंदणीपुस्तकात ठरलेली असते. तीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले म्हणजे भाराची मर्यादा निघते. टप हा रिकाम्या गाडीच्या वजनात मिळतो, म्हणून जेवढे किलो टपाचे तेवढे किलो मालाचे कमी. आम्ही वजनकाट्यावर गाडी टपासह व टपाविना तोलली तेव्हा 180 किलोंचा फरक आला. म्हणजे प्रत्येक खेपेस साखरेची साडेतीन पोती घरी ठेवून आम्ही पत्रा फिरवीत होतो. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे आहे की, नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापासून गाडी भिन्न होईल असा फेरफार मालकाने परस्पर करू नये. अधिकाऱ्याची मान्यता घेऊन पुस्तकात नोंद करावयास हवी. आम्ही ती केली, पण उशिरा केली. ज्यांनी केलेली नाही त्यांना एवढेच सुचवितो की, अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सर्वप्रथम हेच पुस्तक मागतो. जादा भाराचा दंडही आता किरकोळ राहिलेला नाही. केंद्राने 2019 साली केलेल्या दुरुस्तीत तो वीस हजारांपासून सुरू होतो.

दुसरी गोष्ट कापसाची. आदिलाबादमध्ये राहून कापसाचा विचार टाळता येत नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाजार समितीच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. मोकळा कापूस जागा फार घेतो आणि वजन कमी भरतो. उघड्या हौद्यात तो फाळक्याच्या वर रचून, दाबून, ताडपत्रीने आवळून नेता येतो. बंद टपात मात्र छताशी पोहोचला की संपले. काट्यावर अजून जागा शिल्लक, गाडीत नाही. आणखी असे की, कापूस पाहिल्याशिवाय बोली होत नाही. व्यापारी हात खुपसून खालचा कापूस बाहेर काढतो, आर्द्रतामापक यंत्राचा दांडा ठिकठिकाणी टोचला जातो. मागच्या दोन दारांतून एवढे सारे कसे व्हावे? परिणामी हंगामात आमची स्वतःची गाडी दारात उभी आणि शेतकऱ्यांचा कापूस आणण्यास आम्ही भाड्याची गाडी शोधतो आहोत, असा विचित्र देखावा दोन वर्षे चालला. टप रोज चढविणे-उतरविणे शक्य नव्हते. त्यास सहा माणसे आणि अर्धा दिवस लागत असे.

धाकटे बंधू यावर म्हणत, उघड्यावर कापूस भिजला तर? तो धोका खराच आहे, आणि त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला होता. भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के आर्द्रतेस पूर्ण भाव देते, पुढे बारापर्यंत प्रत्येक टक्क्यास त्या प्रमाणात कपात, आणि बारावर खरेदीच नाही. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता; म्हणजे एक टक्का ओलावा क्विंटलमागे सुमारे 81 रुपयांचा. बारा क्विंटलांच्या खेपेत चार टक्के वाढले तर शेतकऱ्याचे जवळजवळ 3,900 रुपये गेले. परंतु हा ओलावा बहुधा शेतातून व दवातून येतो. चांगली ताडपत्री आणि पाइपच्या कमानी असतील तर वाटेतील पावसाने तो वाढत नाही. उलट पत्र्याचा टप स्वतःच पाणी देतो, हे आम्हांस अनुभवाने कळले. आपल्या जिल्ह्यात पौषातली थंडी किती कडक असते हे सांगावयास नको. दिवसभर तापलेल्या बंद टपातील हवा रात्री गार झाली की पत्र्याला आतून घाम फुटतो, आणि पहाटे गुळाच्या ढेपांवर थेंब पडलेले दिसतात. वैशाखात याच टपाची भट्टी होते. तुपाचे डबे हाताला चटका देत.

येथपर्यंतचा वाद नफ्यातोट्याचा होता, आणि तेवढाच असता तर कदाचित आजही टप गाडीवरच असता. कारण धाकट्या बंधूंचे कुलूप आमच्या 180 किलोंना पुरून उरत होते.

2024 च्या श्रावणात गाडी उटनूरकडे माल घेऊन गेली. बरोबर चार हमाल होते. चालकाशेजारी दोघांची जागा. उरलेले दोघे जाताना पोत्यांवर बसले, आणि परतताना गाडी रिकामी म्हणून चौघेही मागे टपात जाऊन आडवे झाले. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसविण्यास परवानगी नाही, हे ठाऊक होते. पावसाच्या दिवसांत ती टपात बसतात हेही ठाऊक होते. आणि बिचाऱ्यांना आडोसा मिळतो म्हणून आम्ही त्यास दयेचे नाव देऊन ठेवले होते. हौदा उघडा असता तर अशा पावसात कोणी मागे बसलेच नसते.

इंद्रवेल्ली सोडल्यावर पाऊस वाढला. आत गुदमरू लागले म्हणून त्यांनी मागचे एक दार दोरीने अर्धवट उघडे बांधले. हीच चूक झाली, पण ती चूक आहे हे त्यांना कोण सांगणार? धावत्या बंद गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि समोरून वारा शिरण्यास वाट नसली म्हणजे मागच्या फटीतून गाडीचाच धूर आत ओढला जातो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो, परंतु कोंडलेल्या जागेत तो व इतर वायू मिळून माणसाला आडवे करण्यास पुरेसे होतात. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग ग्लानी येते. आणि ग्लानीत असलेला मनुष्य दमून झोपल्यासारखाच दिसतो. त्यांतील वयाने मोठे असलेल्या हमालदादांना शंका आली. ते सरकत पुढे गेले आणि केबिनच्या बाजूचा पत्रा बडवू लागले. मध्ये खिडकी नव्हती. चालकाने आवाज ऐकला. त्याला तो टपावर पडणाऱ्या पावसाचा वाटला.

गुडीहतनूरच्या चौरस्त्यावर चहासाठी गाडी थांबली म्हणून निभावले. दार उघडले तेव्हा दोघे ओकत होते आणि सर्वांत लहान, एकोणीस वर्षांचा मुलगा, हाकेला ओ देत नव्हता. त्याला आदिलाबादला रुग्णालयात आणून प्राणवायू दिला. रात्र तेथे गेली, सकाळी तो उठून बसला आणि पहिला प्रश्न त्याने असा विचारला की, "शेठजी, आजची हजेरी लागली का?" त्या प्रश्नाने आम्ही जेवढे शरमलो तेवढे कोणत्याही बोलण्याने शरमलो नसतो.

घरी पुन्हा विचार झाला. धाकट्या बंधूंना दुःख झाले होते, परंतु त्यांचा उपाय वेगळा होता : केबिनकडे जाळीची खिडकी पाडावी, वर झरोके ठेवावेत, धुराची नळी बाजूला वळवावी. उपाय चुकीचे नव्हते. आमचे म्हणणे इतकेच होते की, जेथे माणसाने बसावयाचेच नाही ती जागा बसण्यास सोयीची करू लागलो, तर उद्या चारांऐवजी आठ बसतील, आणि वेचणीच्या दिवसांत मजूर बायाही त्यात कोंबल्या जातील. वेचणीच्या हंगामात रस्त्यांवर असे भरलेले हौदे कोण पाहत नाही? वाद बराच वेळ चालला. शेवटी मोठ्या वहिनींनी विचारले, "आपल्या घरची मुले या टपात बसवून उटनूरला पाठवाल का?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

दसऱ्यानंतर टप उतरला. नोंदणीपुस्तकातील नोंद पुन्हा बदलून घेतली. हौद्याला पाइपच्या सुट्या कमानी केल्या, जाड ताडपत्री व नायलॉनचे दोर घेतले. हमालांपैकी दोघे चालकाशेजारी बसतात. आणखी दोघे हवे असतील तर त्यांना बसचे भाडे देतो किंवा मुक्कामाच्या गावीच माणसे लावतो. यात खर्च वाढला, वेळही जातो, आणि बस चुकली की माल उतरविण्याचा खोळंबा होतो. रात्रीच्या मुक्कामाला गाडी आता ओळखीच्या गोदामातच लावावी लागते. त्यानंतर कापसाचे दोन हंगाम आमच्या गाडीने केले आणि भाड्याची गाडी शोधावी लागली नाही, त्यातून काही भरपाई झाली. सगळी झाली असे म्हणणार नाही. मध्यंतरी मिरचीची दोन पोती भिजली तेव्हा धाकटे बंधू दिवसभर गप्प होते.

टप गोदामाच्या मागे विटांवर ठेवलेला आहे. रिकामा बारदाना त्यात राहतो. पांढरकवड्याचे एक औषध-व्यापारी तो पाहून गेले, भाव जमला नाही. धाकट्या बंधूंनी त्याचे सोळाही बोल्ट तेल लावून एका डब्यात जपून ठेवले आहेत.